वावरात निघालेला जांभळा खडा कापून अंगठीत बसवता येतो का?

(प्रश्न होता: बुलढाण्याकडं वावर नांगरताना जांभळ्या स्फटिकाचे गोटे निघाले. कापले तर किती रुपये येतील?)

भाऊ, रुपयांचं मागून. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत ॲमेथिस्ट, म्हणजे जांभळा क्वार्ट्झ, निघतो, तसं कॅल्साइट नि झिओलाइट ही मऊ खनिजंही. काचेवर ओरखडा उठत नसेल तर नाद सोडा. उठला तर दगड न चिकटलेला एक स्फटिक सोनाराच्या काट्यावर एकदा कोरडा, एकदा दोऱ्यानं पाण्यात लोंबकळता तोला. जेवढं वजन घटलं त्यानं कोरड्या वजनाला भागा. 2.65 च्या आसपास यायला हवं.

आता कापणं. "वजन वाचवा" असं सगळे सांगतील. ऐकू नका. माझ्याकडं दुरुस्तीला आलेला एक खडा 14 मिलिमीटर, साडेआठ कॅरेटचा होता. तुकडा चपटा, म्हणून रुंदी राखायला खालचे पैलू खड्याच्या कंबरेच्या पातळीपासून 38 अंशांवर पाडलेले. क्वार्ट्झमध्ये 40.5 अंशांहून चपट्या पैलूवरून उजेड परत फिरत नाही, खाली गळतो. खड्याखालचा पेपर वाचता येत होता! 43 अंशांवर पुन्हा पाडला. रुंदी 12 वर आली, वजन पावणेसहा. पण रंग भरला. मालक अजून म्हणतो, पावणेतीन कॅरेट बुडवले. बुडवलं ते उजेड गळायचं भोक होतं.

रंग बहुतेक स्फटिकाच्या टोकाकडं दाट असतो. तो दाट भाग खड्याच्या खालच्या टोकाशी ठेवा, वरून सगळा खडा जांभळा दिसतो. कडेला गेला तर अर्धा खडा पांढराफटक. घासणं 260, 600, 1200, 3000 अशा बारीक होत जाणाऱ्या चाकांवर आणि शेवटी सीरियम ऑक्साइड या पॉलिशच्या भुकटीवर. मधली पायरी गाळली तर 600 चे ओरखडे 3000 वर जात नाहीत, सीरियमवर उलट उठून दिसतात. काडीवर लाखेनं चिकटवताना खडा सावकाश तापवा. गरम खडा पाण्यात बुडवला की तडकला.

किंमत? एखाद-दोन गोट्यांत कापणावळ सुटली तरी पुष्कळ. टोकं शाबूत असलेला गोटा तर कापूच नका, तसाच ठेवा. फक्त उन्हाच्या खिडकीत नको, रंग उतरतो.

आणि हो, घरच्या ग्राइंडरवर कोरडं घासायला बसू नका. ती धूळ फुप्फुसात बसते. गुजरातेतल्या खंबातच्या अकीक कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार त्यातूनच झाला. चाकावर पाणी सतत हवं.