हॅप्टोग्लोबिन कमी आले म्हणजे जनुक बिघडले, असे नाही

तुमचा प्रश्न असा आहे: धाकटा भाऊ मिरकरवाड्याला ट्रॉलरवर खलाशी. त्याला मलेरिया झाला, प्रायमाक्वीन सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले. रिपोर्टात हॅप्टोग्लोबिन हे रक्तातले प्रथिन जवळजवळ शून्य. नात्यातले कोणी म्हणाले, ‘त्याचे जनुकच खराब आहे.’ मग हे जनुक करते तरी काय?

आधी एक सांगते. लघवी अजून काळपट असेल तर हे उत्तर नंतर वाचा. प्रायमाक्वीनची पुढची गोळी देण्याआधी त्याला आजच डॉक्टरांकडे न्या आणि लघवीचा रंग त्यांना आवर्जून सांगा. अशा वेळी मूत्रपिंडांना धोका असतो.

मी देवगडला २२ वर्षे लॅबमध्ये काम करते. रक्त गोठू दिले आणि ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की वर सीरम उरते, सुक्या पेंढ्याच्या रंगाचे. कधी कधी मात्र ते सोलांच्या आगळासारखे लाल निघते. बहुतेकदा सुई टोचताना रक्तातल्या लाल पेशी फुटलेल्या असतात, म्हणून आम्ही दुसरा नमुना घेतो. दुसराही लाल आला की मी लगेच डॉक्टरांना फोन करते, कारण मग पेशी शरीरातच फुटत असतात.

त्याच वेळी हॅप्टोग्लोबिनचे काम सुरू असते. हे प्रथिन बनवण्याची कृती १६व्या गुणसूत्रावरच्या ‘एचपी’ या जनुकात लिहिलेली असते. प्रथिन बनते मुख्यतः यकृतात आणि तिथून रक्तात येते. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. जुन्या पेशी प्लीहा एरवी गुपचूप उचलते, पण काही थोड्या रक्तवाहिन्यांतच फुटतात. त्यांतले हिमोग्लोबिन मोकळे झाले की त्याचे दोन तुकडे होतात, आणि हे तुकडे मूत्रपिंडाच्या गाळणीतून आत शिरण्याइतके लहान असतात. त्यातले लोह तिथल्या पेशींना इजा करते. हॅप्टोग्लोबिन त्या तुकड्यांना इतके घट्ट धरते की ती जोडी गाळणीतून जाऊच शकत नाही. मग यकृतातल्या आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी सीडी१६३ नावाच्या, पेशीवर बसलेल्या पकडणाऱ्या रेणूने ती जोडी ओढून घेतात. लोह परत वापरात येते, बाकीच्याचे बिलिरुबिन होते. भावाचे डोळे पिवळे झाले ते त्यामुळे. तेव्हा काविळीचे झाडपाल्याचे औषध द्यायला धावू नका. पेशी फुटणे त्याने थांबत नाही.

आता तुमच्या रिपोर्टाचा मुद्दा. रापणीचे जाळे मासळी काढली की पुन्हा दर्यात जाते. हॅप्टोग्लोबिनचे तसे नाही, इथे मासळीबरोबर जाळेही संपते. पेशी भराभर फुटल्या की साठा काही तासांत उतरतो आणि यकृताला तो भरून काढायला दिवस लागतात. साधारण ३० ते २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असायला हवे ते शून्याजवळ येते. म्हणजे भावाचे हॅप्टोग्लोबिन कमी आले ते कामी आले म्हणून. ते जन्मतःच बनत नाही अशीही माणसे असतात, पण फार थोडी, आणि भावाची बाकी सगळी लक्षणे पेशी फुटल्याचीच आहेत. उलट अंगात दाह असला की यकृत ते जास्त बनवते, त्यामुळे तापाच्या रुग्णात आकडा ठीक आला तरी एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही.

या जनुकाची मला फार आवडणारी हकिगत आहे. १९५५ साली टोरांटोत ऑलिव्हर स्मिथीज रक्तातली प्रथिने वेगळी करायला माध्यम शोधत होते. लहानपणी आई शर्टांना खळ करायची आणि ती थंड झाली की जेलीसारखी घट्ट व्हायची, हे त्यांना आठवले. बटाट्याच्या स्टार्चची तशीच जेली करून त्यांनी त्यातून विजेच्या प्रवाहाने प्रथिने पुढे सरकवली, तर वेगवेगळ्या माणसांचे पट्टे वेगवेगळे दिसले. फरक हॅप्टोग्लोबिनचा होता आणि तो आईवडिलांकडून येत होता. पुढे कळले की ‘२’ या प्रकारात जनुकाचा एक भाग दुहेरी झालेला आहे, त्यामुळे प्रथिनाचे रेणू एकमेकांना जोडून मोठी कडी करतात. आपल्या देशात हा प्रकार फारच जास्त आढळतो. तो दोष नाही.

नातेवाइकांचे बोलणे मात्र अगदीच फुकट नाही. जनुकाचा संशय घ्यायचा तर दुसऱ्याचा घ्यावा. प्रायमाक्वीनने पेशी फुटतात त्या बहुधा जी-सिक्स-पीडी हे लाल पेशींना जपणारे एन्झाइम कमी असलेल्यांच्या. तपासणी आता केली तर नॉर्मल येऊ शकते, कारण कमजोर जुन्या पेशी फुटून गेल्या, उरल्या त्या नव्या. म्हणून आता नॉर्मल आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करायला डॉक्टरांना विचारा. ते जनुक एक्स गुणसूत्रावर असते, मुलग्याला ते आईकडून मिळते. तुम्ही त्याचे सख्खे भाऊ असाल तर तुमच्यातही असण्याचा संभव आहे, तेव्हा स्वतःचीही तपासणी करून घ्या. आणि भावाच्या कमी आले तर तसे चिठ्ठीवर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून त्याच्या पाकिटात ठेवा. ट्रॉलर उद्या कुठल्या बंदराला लागेल आणि तिथला डॉक्टर कुठली गोळी देईल, ते इथून कळत नाही.