गुळणीचा गजर आणि पाप्याचा ‘पुच’

प्रश्न : डॉक्टरीणबाई, आम्ही कल्याणला चौथ्या मजल्यावर राहतो. माझे सासरे रोज पहाटे साडेपाचला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतात. आवाज एवढा, की खालचे काका म्हणतात, ‘आम्हाला गजर लावावा लागत नाही.’ एकदा भीत भीत सुचवलं, तर सासरे म्हणाले, ‘आवाजाशिवाय गुळणी घशाला लागतच नाही.’ हे खरं का? आणि चार वर्षांची लेक विचारते, पापा घेताना ‘पुच’ का वाजतं? मला काही सांगता आलं नाही.
– एक सून, कल्याण

उत्तर : सासरे अर्धे बरोबर आहेत. कुठलं अर्धं, ते बेसिनपाशी उभं राहून तुम्हीच बघा.

कोमट पाण्याचा घोट घ्या, मान मागे टाका आणि ‘आ’ लावा. गर्र गर्र सुरू होईल. आता ‘आ’ बंद करून नुसता श्वास सोडत राहा. गडगड कमी होईल, पण बुडबुड चालूच राहील. आता श्वासही थांबवा. पाणी गप्प, आणि लगेच गिळावंसं वाटायला लागेल. गुळणीची सगळी कळ त्या श्वासात आहे. पडजिभेच्या मागे पाणी साठतं, ते खाली उतरू नये म्हणून आपण खालून हवा सोडत राहतो आणि ती हवा पाण्यातून वाट काढत वर येते. हवा नाही तर गुळणी नाही, मग ती नुसती चूळ. लहान मुलांना हे जमत नाही ते याचमुळे. तोंडात पाणी असताना श्वास बाहेर सोडायचा हेच त्यांना पटत नाही आणि मीठपाणी पोटात जातं.

बुडबुडा मुका नसतो. तो पाण्यात सुटला की आकुंचन-प्रसरण पावत घंटेसारखा वाजतो. मिनार्ट नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं १९३३ साली याचं गणित मांडलं. तारे बघणारा माणूस बुडबुड्यांचे सूर मोजत बसला, हे मला फार आवडतं. ३ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला साधारण १००० वेळा थरथरतो, १ मिलिमीटरचा ३००० हून जास्त. बुडबुडा लहान तेवढा सूर चढा. घशात असे लहानमोठे ढीगभर एकदम वाजतात, म्हणून तो आवाज धड सूरही नसतो आणि धड खरखरही नसते.

तेव्हा बुडबुड हवीच. ‘आ’ मात्र सासऱ्यांचा स्वतःचा. त्यानं स्वरतंतू थरथरतात, त्यांची थरथर पाण्यात मिसळते, एवढंच. घशाला त्याचा वेगळा फायदा मी ३४ वर्षांत बघितलेला नाही. मिरजेत गाणाऱ्या पेशंटांची वानवा नव्हती. त्यातले एकजण गुळणीतच षड्ज लावून बसायचे. ‘आवाजाला शेक बसतो,’ म्हणायचे. शेक कसला! गुळणीचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही, आणि पोचलं तर असा ठसका लागेल की षड्ज जागेवर राहणार नाही. त्यांना मी सांगितलं, गुळण्या करा, पण सा तंबोऱ्याबरोबर लावा. त्यांना राग आला. पुढच्या वेळी पेढे घेऊन आले, म्हणजे गेला असावा.

गुळण्या निरर्थक आहेत असं मात्र म्हणत नाही. जपानमध्ये ३८७ निरोगी माणसांवर एक पाहणी झाली, ती २००५ साली छापून आली. साध्या पाण्यानं रोज गुळण्या करणाऱ्यांना सर्दी-पडसं कमी झालं. आयोडीनच्या औषधानं करणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. मोठ्यानं करणारे आणि हळू करणारे असे गट कोणी पाडले नव्हते, त्यामुळे सासऱ्यांनी तिचा दाखला दिला तर ऐकून घेऊ नका.

राहता राहिले खालचे काका. यातला निम्मा गुन्हा तुमच्या न्हाणीघराच्या टाइल्सचा. गुळगुळीत टाइलवरून आवाज परत फिरतो, घुमतो आणि खिडकीतून डक्टमध्ये उतरतो. खिडकी लावा, दोन जाड टॉवेल आत टांगा. आणि सासऱ्यांना ‘आवाज कमी करा’ म्हणू नका, ‘बाबा, श्वास लांब सोडून बघा’ म्हणा. लांब, हळू श्वासात ‘आ’ आपोआप बारीक होतो. सूनबाईंनी ऐकवलं असंही वाटत नाही.

आता पापा. लेकीला सांगा, तो आवाज फुंकण्याचा नाही, ओढण्याचा आहे. ओठ मिटून आपण आत किंचित ओढून घेतो, आत हवेचा दाब कमी होतो, ओठ सुटले की बाहेरची हवा आत घुसते : पुच! पटत नसेल तर तिच्या पोटावर ओठ टेकवून श्वास बाहेर सोडा. ‘फुर्रर्र’ होईल, ती खिदळेल, आणि फरक जन्मात विसरणार नाही. बोट्स्वाना-नामिबियातल्या ता भाषेत तर असा ओठांचा आवाज चक्क एक व्यंजन आहे. आपणही जिभेनं त्यातलाच प्रकार करतो, दुःखाची बातमी ऐकून ‘च्च च्च’ म्हणतो तेव्हा. फक्त आपण त्याला अक्षर दिलं नाही.

पण ओठ नुसते टेकवले तरी पापा होतोच की, अगदी बिनआवाजी. झोपलेल्या बाळाचा आपण तसाच घेतो. मग बाकी वेळी का वाजवतो? ऐकू जावं म्हणून. व्हिडिओ कॉलवर अमेरिकेतल्या नातवापर्यंत आजीच्या पाप्यातला तेवढा ‘पुच’च पोचतो.

माझी आजी पापा घेत नसे. आलाबला घ्यायची : दोन्ही हात आमच्या गालांवरून फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडायची, कडाकड! जितकी मोडली तितकी दृष्ट निघाली. सांध्यातल्या वंगणात वायूची पोकळी झटकन तयार होते तेव्हा तो आवाज येतो, हे २०१५ मध्ये एमआरआयखाली बघितलं गेलं. आणि एकदा मोडलेलं बोट साधारण २० मिनिटं पुन्हा वाजत नाही. मी चुलतभावाच्या मागे रांगेत असायची. माझ्या वेळी बोटं वाजायची नाहीत, आणि मी दिवसभर फुरंगटून बसायची.

प्रश्न : आमचे ‘हे’ बशीत चहा ओतून फुर्र फुर्र पितात. पाहुण्यांसमोर लाज वाटते.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पिऊ द्या. बशीत चहा पसरट होऊन निवतो, फुरक्याबरोबर आत जाणारी हवा तो आणखी निववते, आणि चहाचे बारीक तुषार उडून वास घशामागून नाकात चढतो. चहाची पारख करणारे लोक पगार घेऊन याहून मोठे फुरके मारतात. फरक एवढाच की ते नंतर थुंकतात. ‘ह्यां’ना ते सांगू नका.