‘आधी बीज एकले’ कुणाचं?

प्रश्न : बाई, नमस्कार. आमच्या महिला भजनी मंडळात एकादशीला ‘आधी बीज एकले’ हमखास होतं. परवा मृदंगाच्या साथीला आलेला कॉलेजातला मुलगा म्हणाला, ‘काकू, हा तुकोबांचा अभंग नाही, हे सिनेमातलं गाणं आहे.’ आमच्या वहीत तर वर स्पष्ट ‘संत तुकाराम’ लिहिलंय. आता मंडळात दोन तट पडलेत. काहीजणी म्हणतात, सिनेमातलं असेल तर बंद करा. काहीजणी म्हणतात, देवाचंच गाणं आहे, लिहिलं कुणी याच्याशी काय करायचंय? आम्ही काय करावं?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : ताई, मुलगा बरोबर सांगतोय. ‘आधी बीज एकले’ हे गीत शांताराम आठवले यांचं. चाल केशवराव भोळे यांची. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट १९३६ साली आला, त्यासाठी ते लिहिलं गेलं आणि तुकारामांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस ते स्वतः गायले. तुमच्या वहीतली चूक कशी झाली असेल याचा मला अंदाज येतो. कुणीतरी गाण्यावर चित्रपटाचं नाव लिहिलं असणार, ‘संत तुकाराम’. पुढच्या वहीत उतरवून घेताना ते कवीचं नाव झालं. मी पाहिलेल्या कितीतरी भजनाच्या वह्यांत असंच आहे.

यात तुम्हाला कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही. भल्याभल्यांना तो तुकोबांचाच अभंग वाटला आहे. हे गाणं लिहिलं तेव्हा आठवले जेमतेम सव्वीस वर्षांचे होते. तेवढ्या वयाच्या माणसानं तीनशे वर्षांपूर्वीच्या कवीच्या तोंडी शोभेल असं काही लिहावं आणि ते लोकांनी खरंच त्या कवीच्या पदरात घालावं, हे फार थोड्यांच्या वाट्याला येतं. त्यांनी हे कसं साधलं असेल? माझ्या मते त्यांचा कान गाथेत भिजलेला होता. ‘शुद्ध बीजापोटीं । फळें रसाळ गोमटीं’ हे तुकोबांचं वचन आपल्या घराघरांत बोललं जातं. आठवल्यांनी लिहिलं, ‘एका बीजापोटी तरु कोटी कोटी’. ‘बीजापोटी’ हा एकच शब्द त्यांनी तिथून उचलला, पण तो कानावर पडला की मराठी माणसाच्या मनात तुकोबा आपोआप उभे राहतात. पुढे ‘व्यापुनि’, ‘घेसी’ अशी जुन्या वळणाची क्रियापदं येतात. बाकी सगळं आजही लहान मुलाला कळेल इतकं सोपं.

दुसरं कारण पागनीस. चित्रपटाआधी ते संगीत रंगभूमीवर होते, स्त्रीभूमिकाही करत. पडद्यावर मात्र ते गातात तेव्हा समोर प्रेक्षक आहेत याचं त्यांना भानच नाही असं वाटतं. ताना नाहीत, आवाज लावून दाखवणं नाही. बोलता बोलता गाणं व्हावं तसं ते होतं. भोळ्यांनी चालीत कसरतीला जागाच ठेवलेली नाही. शब्द पुढे आणि सूर त्याच्या मागे, ही त्यांची रीत त्यांनी १९३३ सालच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकापासून धरलेली होती. त्या काळी नाटकातलं एकेक पद रंगवून रंगवून गाण्याची सवय असलेल्या श्रोत्यांना हे किती वेगळं वाटलं असेल!

दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा बोलपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षभराहून अधिक चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पण खरा परिणाम घराघरांत झाला. नंतर छापल्या गेलेल्या तुकोबांच्या कितीतरी तसबिरींत पागनिसांचा चेहरामोहरा डोकावतो. ज्यांच्या देवघरात पागनिसांच्या रूपातले तुकोबा होते, त्यांच्या वहीत आठवल्यांचं गीत तुकोबांच्या नावानं गेलं, यात नवल ते काय?

आता तुमच्या दुसऱ्या तटाबद्दल. ‘देवाचंच गाणं आहे, कुणाचं का असेना’ असं म्हणणाऱ्या ताईंच्या बाजूनं खुद्द तुकोबांचं वचन आहे: ‘आपुलिया बळें नाहीं मी बोलत । सखा भगवंत वाचा त्याची’. बोलविता धनी वेगळाच. हे मला मान्य आहे. पण तुकोबांनीच आणखी काय म्हटलंय तेही ऐका:

‘सालोमालो हरिचे दास । म्हणउन केला अवघा नास ॥
अवघें बचमंगळ केलें । म्हणती एकाचें आपुलें ॥’

एकाचं असलेलं आपलं म्हणून सांगतात, याचा त्यांना राग आहे, आणि तो त्यांनी नाव घेऊन सांगितलाय. हाच सालोमालो चित्रपटात खलपुरुष होऊन येतो आणि तुकोबांचे अभंग आपले म्हणून मिरवतो. कवीच्या शब्दावर त्या कवीचंच नाव हवं, हा आग्रह या चित्रपटाच्या गोष्टीतच आहे. मग त्याच चित्रपटातलं आठवल्यांचं गीत आपण तुकोबांच्या नावावर का घालायचं? तुकोबांना त्याची गरज नाही, त्यांची स्वतःची चार हजारांवर रचना आहे. आठवल्यांचं मात्र त्यानं नाव पुसलं जातं.

म्हणून गाणं बंद करू नका. एकादशीला म्हणा, टाळ वाजवून म्हणा. फक्त वहीतलं ‘संत तुकाराम’ खोडा आणि तिथं लिहा: गीत शांताराम आठवले, संगीत केशवराव भोळे, चित्रपट संत तुकाराम, १९३६. आणि म्हणण्याआधी एकीनं ते मोठ्यानं वाचावं. पाच सेकंदांचं काम आहे.

एक विनंती आणखी. काही मंडळांत या गाण्याच्या शेवटी एखादी ‘तुका म्हणे’ची ओळ जोडून म्हणतात, ते मी स्वतः ऐकलंय. त्यामागची अडचण मला कळते. आपल्या भजनात ‘तुका म्हणे’ आलं की मृदंगवाला सावध होतो, लय चढते, टाळ उचलले जातात. या गाण्यात ती खूणच येत नाही, त्यामुळे सगळ्याजणी शेवटी अधांतरी राहतात. पण ओळ जोडू नका. ‘परि अंती ब्रह्म एकले’ यावर गाणं पुरं होतं. सुरुवातीचा ‘एकले’ आणि शेवटचा ‘एकले’ यांची गाठ कवीनं मुद्दाम बसवली आहे, पुढे शेपूट लावलं की ती सुटते. लय चढवायचीच असेल तर हे संपवून सरळ विठ्ठलाच्या गजरावर जा.

प्रश्न : मी सातवीच्या वर्गाला मराठी शिकवतो. आमच्या एका विद्यार्थिनीनं आंतरशालेय अभंगगायन स्पर्धेत हेच गाणं म्हटलं. फार सुंदर म्हटलं. परीक्षकांनी ‘हे सिनेमाचं गाणं’ म्हणून तिला बाद केलं, तेही सगळ्यांसमोर. ती रडत घरी गेली. त्यांचं बरोबर होतं का? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून मुलांना अस्सल अभंग ओळखायला कसं शिकवावं?
— एक शिक्षक, ठाणे

उत्तर : सर, नियमात ‘संतरचना’ असं लिहिलेलं असेल तर निर्णय बरोबर. सांगण्याची पद्धत मात्र साफ चुकीची. बारा वर्षांच्या मुलीला व्यासपीठावरून खाली उतरवून बाजूला घेऊन सांगता आलं असतं. आणि ‘सिनेमाचं’ हा शब्द ज्या सुरात उच्चारला गेला असेल तो मला इथं बसून ऐकू येतोय. आठवल्यांनी याच प्रभातच्या ‘कुंकू’साठी पुढच्याच वर्षी ‘मन सुद्ध तुझं’ लिहिलं, अगदी रांगड्या बोलीत. मग ‘शेजारी’साठी ‘लखलख चंदेरी’ लिहिलं. मराठी कवितेच्या पुस्तकात मानानं बसावीत अशी ही गाणी आहेत. तुमच्या विद्यार्थिनीला सांगा की तिची निवड उत्तम होती, गट चुकला. भक्तिगीत गायनाच्या स्पर्धेत तिनं हेच म्हणावं.

ओळखायचं कसं म्हणाल तर मुलांना बोटं मोजायला लावा. जोडाक्षर एक धरायचं. ‘देवाचिये द्वारी । उभा क्षणभरी । तेणें मुक्ति चारी । साधियेल्या’: सहा, सहा, सहा, चार. हा मोठा अभंग. ‘जे का रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले’: आठ, आठ. हा छोटा. आता ‘आधी बीज एकले’ मोजा. सात. ‘बीज अंकुरले’ सहा, ‘रोप वाढले’ पाच. ‘एका बीजापोटी’ सहा आणि ‘तरु कोटी कोटी’ही सहा, इथं क्षणभर अभंगाची चाल सापडल्यासारखी वाटते, आणि पुढच्याच ओळीत ती सुटते. मुलांना हे मोजताना मजा येते, मी वर्गात करून घेतलंय.

पण एवढ्यावर निकाल देऊ नका. अस्सल अभंगही अक्षरांत सैल असतात. वर दिलेलं ‘शुद्ध बीजापोटीं’च घ्या, सहाला आठ. मग नाममुद्रा पाहायची, ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनीं’. तीही कुणी मागाहून लावू शकतो, म्हणून शेवटी गाथा उघडायचीच. गाथेच्या मागे अभंगांच्या पहिल्या चरणांची अकारविल्हे सूची असते. ‘आ’खाली बघायचं, मिळालं तर मिळालं. शाळेच्या ग्रंथालयात गाथा नसेल तर ती आधी मागवा.

शब्दांचाही अदमास घेता येतो, पण तो सरावानं. माझ्या कानाला या गीतातला ‘सुमने’ हा शब्द लगेच वेगळा लागतो. तिथं ‘फुले’ असतं तर मीही थोडी घुटमळले असते.

प्रश्न : माझी शेती आहे. ‘आधी बीज एकले’ रेडिओवर लहानपणापासून ऐकत आलो. एक शंका नेहमी येते. बी जमिनीत गेलं की ते राहत नाही, फुटून संपतं, तेव्हा कुठं कोंब येतो. गाण्यात हे काही येत नाही. तुकाराम महाराजांनी बियाण्यावर स्वतः काही म्हटलंय का?
— एक शेतकरी वाचक, जि. नगर

उत्तर : दादा, तुमची शंका वाचून मी गाथा काढून बसले. तुम्ही विचारलंय नेमकं तेच तुकोबांनी म्हटलंय:

‘एका बीजा केला नास । मग भोगिलें कणीस ॥
कळे सकळां हा भाव । लहानथोरांवरी जीव ॥
लाभ नाहीं फुकासाठी । केल्यावीण जीवासाठी ॥
तुका म्हणे रणीं । जीव देतां लाभ दुणी ॥’

एका दाण्याचा नाश केला, मग कणीस खायला मिळालं. फुकट काही पदरात पडत नाही, जिवाची बाजी लावावी लागते. रणात जीव देणाऱ्याचा लाभ दुप्पट.

आठवल्यांचं बी आणि तुकोबांचं बी यांत हा फरक आहे. आठवल्यांच्या गीतात बी एकाचं अनेक होतं, झाडं, फुलं, फळं होतं आणि शेवटी सगळं पुन्हा एकात मिळतं. ते वरून पाहिलेलं चित्र आहे, फार सुंदर आणि शांत. त्यात कुणाचं काही जात नाही. तुकोबांच्या अभंगात पहिलाच चरण नाशाचा आहे. हा माणूस दुष्काळात होरपळलेला होता. ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. घरात माणसं उपाशी असताना मूठभर दाणे मातीत टाकायचे की शिजवायचे, हा प्रश्न काय असतो ते ज्याला माहीत आहे, त्याच्याच लेखणीतून ‘केला नास’ हे शब्द येतात. तुम्हालाही तो प्रश्न माहीत आहे, म्हणून तुमचं बोट बरोबर तिथं पडलं.

आणखी एक. आठवल्यांचं गीत ‘ब्रह्म एकले’वर थांबतं. तुकोबांची अद्वैताची वाणीही मोठी आहे, ‘अणुरणीया थोकडा’ आपण गातोच. पण मनातलं सांगताना ते म्हणून गेलेत, ‘अद्वैतीं तों माझें नाहीं समाधान । गोड हे चरण सेवा तुझी’. एकात मिळून जाण्यापेक्षा त्यांना पायाशी बसणं हवं होतं. म्हणून मला वाटतं, बियाण्याचं गाणं तुकोबांनी लिहिलं असतं तर ते विठोबाच्या पायांशी येऊन थांबलं असतं. हा माझा अंदाज, तुमचा वेगळा असेल तर जरूर कळवा.

तुमच्या गावात पेरणीआधी भजन होत असेल तर दोन्ही म्हणा. आधी ‘एका बीजा केला नास’ घ्या, साध्या ठेक्यात, चाल तुमच्या गावात जी चालते तीच. मग आठवल्यांचं. दोन्हींच्या आधी ज्याचं त्याचं नाव सांगा.