आई असताना मूल 'अनाथ' कसं?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न: वर्गातल्या एका मुलाचे वडील वारले, आई दुसरं लग्न करून गेली. विड्या वळणारी आजी त्याला सांभाळते. बालसंगोपनाच्या, म्हणजे अशा मुलांना दरमहा मदत देणाऱ्या सरकारी योजनेच्या, अर्जात त्याला 'अनाथ' म्हणायचं का? आणि बालसंगोपन म्हणजेच प्रतिपालकत्व का?

अर्जात 'अनाथ' लिहू नका. बोलण्यात ते पोरकंच. 'आई असून पोरकं' हे आपण सर्रास म्हणतो. (अक्कलकोटकडच्या कानडी घरांत 'तब्बली' म्हणतील.) पण अनाथ प्रमाणपत्र आणि २०१८ पासूनचं नोकरी-शिक्षणातलं १ टक्का आरक्षण यांना आईवडील दोघंही हयात नसावे लागतात. बालसंगोपनाला ती अट नाही. एक पालक गेलेलं मूलही त्यात बसतं, महिन्याला २,२५० रुपये मिळतात. तेव्हा सरळ लिहा: 'वडील मयत, आईचा पुनर्विवाह, मूल आजीजवळ.' विशेषण शोधत बसू नका.

'अनाथ' मुळात इतका आखूड नव्हता. नाथ म्हणजे धनी, पाठीराखा; तो नसेल तो अनाथ, वय काही असो. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात 'अनाथ बालिकाश्रम मंडळी' काढली ती विधवांसाठी. आईबाप आहेत की नाहीत, हा तिथं प्रश्नच नव्हता. आपल्या पंढरपुरात तर १८७५ साली प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. तिथल्या बाळांची आई बहुधा जिवंत असे. लोकलाजेपायी तिला ते मूल आपलं म्हणता येत नसे, एवढंच. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानंही व्याख्या पुन्हा सैल केली आहे: कायदेशीर पालक असून तो सांभाळायला तयार नाही किंवा समर्थ नाही, तर तेही मूल अनाथ. मात्र ते ठरवायचं याच कायद्याखालच्या बाल कल्याण समितीनं. शाळेनं नव्हे, आणि शेजाऱ्यांनी तर नव्हेच.

आता प्रतिपालकत्व. ते म्हणजे बालसंगोपन नव्हे. समितीच्या आदेशानं मूल ठरावीक काळ दुसऱ्या कुटुंबात राहतं, ते हे. दत्तकासारखं आडनाव बदलत नाही, वारसाहक्क येत नाही. शब्द सरकारी वाटतो, आणि 'प्रतिपंढरपूर'च्या चालीवर लोक त्याचा अर्थ 'नकली पालक' असा लावतात. मला हे खटकतं, कारण 'प्रतिपाळ' जुना आणि चांगला मुरलेला शब्द आहे. अभंगांत विठ्ठल भक्तांचा प्रतिपाळच करतो. 'संगोपन'मधला 'गुप्' धातूही राखण्याचाच, 'गुप्त'मध्ये आहे तोच.

म्हणून आजी करते त्याला संगोपन म्हणा, प्रतिपाळ म्हणा, दोन्ही शोभतं. तिच्या नावापुढे 'प्रतिपालक' मात्र समितीचा आदेश हातात आल्याशिवाय लिहू नका.