वाचकांचे प्रश्न : कीटकनाशक आणि मातीतील जिवाणू

प्रश्न : परभणी जिल्ह्यात माझी काळी, भारी जमीन आहे. हुमणीसाठी (मुळे खाणारी अळी) दोन वर्षे क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची आळवणी केली, म्हणजे ते पाण्यात मिसळून मुळांशी ओतले. यंदा सोयाबीनच्या मुळांवर गाठी फारच कमी दिसल्या. औषधाने जिवाणू मेले असतील का?

उत्तर : आपण मुळे उपटून पाहिलीत, हे फार चांगले केलेत. शिफारशीच्या मात्रेत एकदा दिलेल्या कीटकनाशकाने मातीतील सगळे जिवाणू मरत नाहीत; काही जिवाणू तर क्लोरपायरीफॉसचे विघटन करून त्यातला कार्बन आणि स्फुरद अन्न म्हणून वापरतात, आणि विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत हे औषध पाण्याच्या संयोगानेही लवकर तुटते. मात्र अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू अधिक हळवे असतात, त्यामुळे जास्त मात्रेनंतर ते काम काही काळ मंदावू शकते.

गाठींबाबत मला आधी बीजप्रक्रियेचीच शंका येते. रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू खत, रसायनासोबत कालवले, तर बियाण्यावरच मरते. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी रायझोबियम लावावे, बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. पेरणीनंतर पडलेला खंड किंवा युरियाचा जादा हप्ता यांनीही गाठी घटतात, आणि मराठवाड्यात पावसाचा खंड काही नवा नाही. पुढच्या हंगामात थोड्या क्षेत्रावर आळवणी न करता पेरा, पंचेचाळिसाव्या दिवशी दोन्हीकडची मुळे हळुवार खणून गाठी मोजा आणि त्या कापून पाहा : आतून गुलाबी असतील, तर नत्र स्थिर होत आहे.