बर्फाचा डोंगर आणि सोबतीला कुत्रा

प्रश्न : आमच्या घरी चार वर्षांचा गावठी कुत्रा आहे. त्याचे नाव काळ्या, वजन साधारण १८ किलो. दर रविवारी तो माझ्याबरोबर लळिंगचा किल्ला चढतो आणि माझ्या आधी वर पोचतो. येत्या जानेवारीत आम्ही हिमाचल प्रदेशात नारकंडा येथे मेहुण्यांकडे जाणार आहोत. तेथून पायाला स्नोशू बांधून हाटू शिखरावर बर्फातून चढून जाण्याचा बेत ठरला आहे. काळ्यालाही न्यायचेच, असा मुलीचा हट्ट आहे. मेहुणे म्हणतात, तिकडची कुत्री बर्फातच झोपतात, त्यांना काही होत नाही. त्याला न्यावे का, आणि न्यायचे तर कोणती तयारी करावी?
— एक वाचक, देवपूर, धुळे

उत्तर : काळ्याला नारकंड्याला अवश्य न्या, बर्फातही फिरवा, मात्र जानेवारीत हाटूच्या माथ्यापर्यंत त्याला नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वाटेच्या सुरुवातीच्या भागात, देवदारांच्या जंगलातून, मळलेल्या पायवाटेने दोन तासांची चाल त्याला पुरेशी आहे. माथा गाठायचाच असेल तर त्या दिवशी घरातील कोणीतरी त्याच्याजवळ थांबावे.

मेहुण्यांचे म्हणणे खोटे नाही, पण ते तिकडच्या कुत्र्यांपुरते खरे आहे. हिमाचलात गद्दी मेंढपाळांची कुत्री आपण पाहिली असतील, तर त्यांच्या अंगावरील दुहेरी केसांचा थर आपल्या लक्षात आला असेल : आत मऊ, दाट लव आणि वर लांब, राठ केस. त्यांच्या मानेभोवती लोखंडी खिळ्यांचा पट्टा असतो, कारण बिबट्या पहिला घाव मानेवर घालतो. ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या त्या थंडीत वाढलेली आहेत. आपला काळ्या धुळ्याच्या उन्हाळ्यात, ४४ अंशांच्या झळांत वाढला आहे. आखूड, पातळ केस हे त्याच्या अंगाला मिळालेले वरदान आहे, पण ते आपल्या भागासाठी. धुळ्याचा पारा एखाद्या पहाटे पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा हाच कुत्रा चुलीजवळ अंगाचे मुटकुळे करून पडतो, हे आपण पाहिलेच असेल. शरीराला थंडीची सवय होण्यास काही आठवडे लागतात. रेल्वेतून उतरल्यावर दोन दिवसांत ती होत नाही.

लळिंग आणि हाटू यांत दुसरा मोठा फरक उंचीचा आहे. धुळे समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटरवर आहे, नारकंडा सुमारे २,७०० मीटरवर आणि हाटूचा माथा सुमारे ३,४०० मीटरवर. विरळ हवेचा त्रास माणसाप्रमाणे कुत्र्यालाही होतो. म्हणून पोचल्यावर पहिले दोन दिवस गावातच हिंडावे. कुत्रा खाण्याकडे पाठ फिरवतो आहे, ओकतो आहे किंवा बसल्या जागीही धापा टाकतो आहे, असे दिसले तर त्याला वर नेण्याऐवजी खालच्या गावी उतरवावे. उन्हाळ्यात माथ्यावरील हाटू मातेच्या मंदिरापर्यंत मोटार जाते. हिवाळ्यात तोच रस्ता बर्फाखाली जातो आणि सात-आठ किलोमीटरची चढण पायीच करावी लागते. लळिंगसारखी तासाभरात आटोपणारी ही चढाई नव्हे.

आता स्नोशूंविषयी. पायाखाली बांधलेल्या पसरट चौकटीमुळे माणसाचा भार मोठ्या जागेवर विभागला जातो आणि भुसभुशीत बर्फातही तो फारसा खाली जात नाही. कुत्र्याचा सगळा भार चार लहान पंजांवर असतो. त्यामुळे आपण वरच्या वर चालत असताना तो पोटापर्यंत रुततो आणि प्रत्येक पावलाला उडी मारून बाहेर येतो. दुरून पाहणाऱ्याला तो खेळतो आहे असे वाटते, मुलेही टाळ्या पिटतात. पण अशा अर्ध्या तासात तो लळिंगच्या आख्ख्या चढाईपेक्षा अधिक दमतो, आणि छातीपोटाला लागलेला बर्फ वितळून त्याचे अंग ओले होते ते वेगळेच. उपाय साधा आहे : पुढे दोघांनी वाट दाबत जावे आणि कुत्र्याला त्या दाबलेल्या वाटेवरून मागून चालवावे. यात एक जपायचे. स्नोशूच्या तळाला घसरू नये म्हणून धातूचे दाते असतात आणि मागून येणारा कुत्रा अगदी टाचेला लागून चालतो. त्याचा पुढचा पंजा आपल्या चौकटीवर पडला तर आपण तोंडघशी पडतो. आपण एक पाऊल मागे घेतले तर दाते त्याच्या पंजात घुसतात. म्हणून मुलीने त्याला हाताच्या दोरीने दोन-अडीच मीटर मागे ठेवावे. दोरी गळपट्ट्याऐवजी छातीपट्ट्याला लावावी आणि उतरताना ती स्वतःच्या कमरेला कधीही बांधू नये.

त्याला मोकळा सोडण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. ताजा बर्फ पडून एक-दोन दिवसच झाले असतील तर साधारण ३० ते ४५ अंशांच्या उघड्या उतारावरून हिमकडा सुटण्याचा धोका असतो आणि माकडामागे धावलेला कुत्रा नेमका तेथेच जाऊ शकतो. कोणता उतार टाळायचा, हे गावातील वाटाड्याला विचारल्याशिवाय जंगलाबाहेर पाऊल टाकू नये.

सर्वांत जास्त लक्ष पंजांकडे द्यावे लागते. ओलसर बर्फ बोटांच्या मधल्या केसांना चिकटतो, चालता चालता त्यावर आणखी थर चढतो आणि हरभऱ्याएवढी गोळी बघता बघता बोराएवढी होते. ही गोळी बोटे फाकवते, मधली कातडी सोलते आणि कुत्रा लंगडू लागतो. तो थांबून पंजा चाटू लागला की समजावे. अशी गोळी ओढून काढू नये, केसांसकट कातडी निघते. आपल्या उघड्या हाताच्या मुठीत पंजा धरावा, ती वितळते. निघण्यापूर्वी बोटांमधले केस कातरावेत आणि मेण किंवा व्हॅसलीन चोळावे. कुत्र्यांचे मोजे-बूट मिळतात व ते उपयोगीही आहेत, पण ते धुळ्यातच महिनाभर आधी रोज थोडा वेळ घालून सवय करावी लागते. पट्टी घट्ट आवळली तर रक्त पोचत नाही आणि ज्या पंजाला जपायचे तोच गारठतो, म्हणून दर तासाला बूट काढून पंजा हाताने चाचपावा.

अंगात छाती आणि पोट दोन्ही झाकणारा उबदार कोट हवा व त्यावर पाणी न झिरपणारा थर हवा. केवळ पाठीवर बांधलेली शाल उपयोगाची नाही, कारण ओले होते ते पोट.

कुत्र्याच्या शरीराचे तापमान निरोगी अवस्थेत ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते घसरू लागले की तो प्रथम थरथरतो, एकेक पाय आळीपाळीने उचलतो, शेपूट पोटाखाली घेतो, मग मागे रेंगाळतो आणि बर्फात बसून घेतो. बसला की दिवस संपला, असे समजून परत फिरावे. गोंजारून, खाऊ दाखवून त्याला पुढे नेऊ नये. कुत्रा माणसासाठी चालत राहतो, मालक पुढे निघाला की उठतोच, म्हणून त्याच्या या स्वभावाचा आपण गैरफायदा घेता कामा नये. आणखी एक गोष्ट घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावी : अंग तापले नसताना थरथर अचानक थांबली तर त्याला बरे वाटले असे मुळीच नाही, शरीराची झुंज संपत आल्याची ती खूण आहे. अशा वेळी त्याला टॉवेलने कोरडे करावे, आपल्या जाकिटाच्या आत पोटाशी धरावे आणि खाली आणावे. कानांची टोके, शेपटीचे टोक व बोटे पांढुरकी, कडक झाली तर चोळू नये, शेकोटीजवळही नेऊ नये. मुक्कामी पोचल्यावर हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात धरावीत आणि पशुवैद्यकांना दाखवावे. वाटेत ऊब देऊन पुन्हा बर्फातून चालवल्यास इजा अधिक होते.

१८ किलोचा दमलेला कुत्रा हातांवर उचलून उतरता येत नाही. पिशवीत एक मजबूत सुती धोतर किंवा चादर ठेवावी. तिची झोळी करून दोघांना त्याला आणता येते.

बर्फ खाऊन तहान भागत नाही, उलट अंग आतून गार होते, म्हणून थर्मासमध्ये कोमट पाणी न्यावे आणि तासातासाला पाजावे. त्याला सवयीची कळण्याची भाकरी दुधात कुस्करून नेली तरी चालेल, फक्त नेहमीपेक्षा दीडपट द्यावी व थोडी थोडी द्यावी. आपल्या खिशातला खाऊ मात्र त्याला देऊ नका. डोंगरावर सगळे जण चॉकलेट आणि मनुके नेतात आणि प्रेमाने कुत्र्यापुढे धरतात. चॉकलेट कुत्र्याला विषासमान आहे आणि मनुक्यांनी त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मुलीला हे नीट समजावून सांगा, तीच त्याला सर्वाधिक भरवणार.

जानेवारीत तिकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जंगलात त्याआधीच गारठा उतरतो. सकाळी नऊला निघून, कोठेही पोचला असाल तरी बाराला परतायचे, हे घरूनच ठरवून निघावे.

प्रवासाविषयी थोडक्यात : रेल्वेत कुत्र्याला सोबत बसवायचे असेल तर वातानुकूलित प्रथम वर्गातील कूपे किंवा केबिन पूर्ण आरक्षित करावी लागते, अन्यथा त्याला गार्डच्या डब्यातील कुत्र्यांच्या पेटीत ठेवावे लागते. दिल्लीकडच्या जानेवारीतील रात्री त्या पेटीत एकट्याने काढणे त्याला जड जाईल. कूपे मिळत नसेल तर त्याला धुळ्यातच शेजाऱ्यांकडे ठेवणे मला अधिक योग्य वाटते. निघण्याच्या किमान महिनाभर आधी रेबीज आणि डिस्टेंपरची लस झाल्याची खात्री करून घ्या आणि प्रमाणपत्र जवळ ठेवा.

प्रश्न : आम्ही दर डिसेंबरात कुत्रीला घेऊन तोरणमाळला पायी फिरतो. मागील वर्षी परत आल्यावर तिच्या पुढच्या पंजात बोटांमध्ये सूज आली, ती फुटली, बरी झाली आणि पुन्हा वर सरकून आली. तेथे दव गोठते असे ऐकतो. हे थंडीमुळे झाले असेल का?
— एक शिक्षिका, शहादा

उत्तर : थंडीच्या लाटेत सातपुड्यात तोरणमाळ, डाब या भागांत पहाटे गवतावरचे दव गोठते हे खरे आहे, पण पांढऱ्या पडलेल्या गवतावरून तासभर चालल्याने असा फोड होत नाही. आपण वर्णन केलेले लक्षण कुसळाचे आहे. पावसाळ्यानंतर वाळलेल्या गवताच्या कुसळाचे टोक सुईसारखे असते आणि त्यावरील बारीक केस मागच्या बाजूला वळलेले असतात. त्यामुळे ते कातडीत शिरले की प्रत्येक पावलागणिक पुढेच सरकते, मागे येत नाही. वरची जखम भरते, कुसळ आत राहते आणि सूज दुसऱ्या जागी उठते. मलमाने हे बरे होणार नाही. पशुवैद्यकांकडून जखम उघडून ते काढून घ्या, आणि उशीर करू नका.

पुढील वेळी चाल संपताच, गाडीत बसण्याआधी, तिचे चारही पंजे बोटे फाकवून पाहा. काखा, कानांच्या आतल्या घड्या आणि पापण्याही पाहा. सराटे आणि गोचिडी त्याच वेळी निघतात. ती एकाएकी डोके झटकू लागली तर कुसळ कानात गेले असे धरून चाला.

तोरणमाळच्या वाटांवर तिला दोरीनेच न्यावे. सातपुड्यात बिबट्या आहे, अस्वल आहे, आणि पाड्यांवरच्या शेळ्या-कोंबड्या हे तेथील लोकांचे घर चालवणारे धन आहे. यावल, अनेर धरण आणि गौताळा-औट्रमघाट या अभयारण्यांत तर कुत्रा नेऊच नये. चाळीसगावजवळचे पाटणादेवी गौताळ्यातच येते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा रोग वाघ-बिबट्यांच्या कुळालाही जडतो. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यापैकी काहींत याच रोगाचा विषाणू आढळला होता.

प्रश्न : आमचे पिल्लू पाच महिन्यांचे आहे आणि त्याची आई अकरा वर्षांची. दोघांना थंडीत डोंगरावर न्यावे का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : पिल्लाला वर्षभराचे होऊ द्या, हाडांची वाढ पुरी होण्यापूर्वी लांब चढ-उतार त्याच्या सांध्यांना घातक ठरतात. आईला सपाट वाटेवर ऊन चढल्यानंतर अर्धा तास फिरवावे, आणि सकाळी उठताना तिचे मागचे पाय आखडत असतील तर तेवढेही करण्याआधी तिला पशुवैद्यकांकडे तपासून घ्यावे.