स्पार्क-एअरफ्लो वापरणाऱ्या डेटा इंजिनिअरने ओपन सोर्सची सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय, की चार वर्षं ईटीएल (डेटा एका ठिकाणाहून उचलून, बदलून दुसरीकडे भरण्याचं काम) केल्यावर ओपन सोर्समधल्या योगदानाच्या जोरावर डेटा प्लॅटफॉर्म टीममध्ये जाता येईल का. येईल. पण आधी नोकरीचा करार बाहेर काढा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची मालकी, करारात वेगळं काही नसेल तर, कंपनीकडे जाते. पुष्कळ करार फावल्या वेळातलं कामही त्यातच ओढतात. प्रोजेक्टचं नाव लिहून ईमेलवर परवानगी मागा. तोंडी ‘हो’ला काही अर्थ नाही.

सुरुवात एअरफ्लोच्या (डेटाची कामं वेळापत्रकाने चालवणारं साधन) प्रोव्हायडरपासून, म्हणजे बाहेरच्या सेवांशी जोडणाऱ्या पॅकेजपासून करा. २.० आवृत्तीपासून (डिसेंबर २०२०) बिगक्वेरी, स्नोफ्लेक वगैरे डेटा साठवणाऱ्या सेवांचे ऑपरेटर (त्यांच्यावर काम चालवणारा तयार कोड) वेगळ्या पॅकेजमधून येतात आणि त्यांचं रिलीज मुख्य एअरफ्लोवर अडून राहत नाही. त्यामुळे रोजच्या कामात छळणारा बग तुम्ही दुरुस्त केला, की तो लवकरच तुमच्याच पाइपलाइनमध्ये वापरता येतो. टायपो सुधारणाऱ्या दहा पुल रिक्वेस्टपेक्षा (कोडमधला बदल स्वीकारा, अशी विनंती) असा एक बग मुलाखतीत जास्त बोलतो.

स्पार्कमध्ये (मोठा डेटा अनेक मशीनवर प्रोसेस करणारं साधन) पायऱ्या जास्त आहेत. आधी जिराचं (बग आणि कामं नोंदवायची प्रणाली) खातं मागून घ्यावं लागतं, कारण स्पार्क चालवणाऱ्या अपाचे संस्थेच्या जिरावर थेट नोंदणी बंद आहे. मग तिकीट, म्हणजे त्या कामाची नोंद, आणि पुल रिक्वेस्टच्या शीर्षकात चौकटी कंसात तिकिटाचा क्रमांक व त्यापुढे एसक्यूएल, कोअर असा विभाग. नवखे हमखास अडकतात ते सीआयपाशी (बदलावर आपोआप होणारी तपासणी): स्पार्कच्या टेस्ट तुमच्या फोर्कमध्ये (कोडच्या तुमच्या प्रतीत) चालतात. तिथे गिटहब ॲक्शन्स (टेस्ट आपोआप चालवणारी गिटहबची सोय) सुरू केलं नसेल तर बिल्डच सापडत नाही आणि रिव्ह्यूअर पुढे निघून जातो. शिवाय टेस्ट अशी हवी की तुमचा बदल काढला की ती फेल झाली पाहिजे. बदल असो वा नसो, पास होणारी टेस्ट काहीच सिद्ध करत नाही. लोकल मशीनवर अख्खा टेस्ट संच चालवत बसू नका. एसबीटी या बिल्ड टूलने फक्त संबंधित टेस्टचा गट चालवा.

आठवडाभर उत्तर आलं नाही तर त्या फाइलमध्ये अलीकडे बदल करणाऱ्या कमिटरला (बदल स्वीकारायचा अधिकार असलेल्याला) एकदा नम्रपणे टॅग करा. १०० दिवस हालचाल नसेल तर बॉट पुल रिक्वेस्टवर ‘स्टेल’ लेबल लावून ती बंद करतो. त्याचा राग धरू नये, ती पुन्हा उघडता येते.

आणि रेझ्युमेसाठी एक बारीक गोष्ट. स्पार्कचे कमिटर गिटहबच्या बटणाऐवजी स्क्रिप्टने मर्ज करतात (बदल मुख्य कोडमध्ये घेतात), त्यामुळे स्वीकारलेली पुल रिक्वेस्टही गिटहबवर ‘क्लोज्ड’ दिसते. एचआरला ती नाकारलेली वाटू शकते. म्हणून तिच्या लिंकऐवजी कमिटची (मुख्य कोडमध्ये नोंदलेल्या बदलाची) लिंक आणि जिरा क्रमांक द्या.